आपला बिछाना आपल्याबरोबर

अमेरिकेतल्या माझ्या चुलतभावानं गेल्या वर्षी एक व्हिडिओ पाठवला. त्यानं सुट्टीसाठी आरव्ही भाड्यानं घेतली होती. बसएवढी गाडी. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, बेसिन, इतकंच काय, संडास-बाथरूमसुद्धा. रात्री ठरलेल्या तळावर गाडी लावायची, तिथली वीज आणि पाणी जोडून घ्यायचं आणि झोपायचं. दोन आठवडे ते असे फिरले. वाटेत डोंगर पाहिले, तळी पाहिली आणि तीन शहरांतल्या नातेवाइकांना भेटले. व्हिडिओच्या शेवटी वहिनी हसत म्हणते, "कुणाच्या घरी गेलो तरी त्यांना चादरसुद्धा काढायला लावली नाही."

माझ्या मुलांनी तो व्हिडिओ दहा वेळा पाहिला, तो गाडीतल्या फ्रिजसाठी. मला मात्र वहिनीचं ते चादरीचं वाक्य लागून राहिलं.

कारण आमच्या घरात नातेवाइकांकडे जाणं बंद होण्याचं कारण चादर हेच होतं. मी सोलापूरला राहते, शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. लहानपणी दर सुट्टीत आम्ही एसटीनं खालाकडे, फुफीकडे जायचो आणि आठ-आठ दिवस राहायचो. आता कुणी राहायला जात नाही. लग्नाला जायचं, जेवायचं, संध्याकाळी परत. मैतीला जायचं, दफन झालं की परत. विचारलं तर सगळे वेळ नाही म्हणतात. पण खरं कारण बऱ्याचदा वेगळं असतं. ज्याच्याकडे जायचं त्याच्याकडे दोन खोल्या असतात. पाहुणे आले की शेजारून गाद्या मागायच्या, खाटिकाकडे उधारी करायची, मुलांना बाहेर झोपवायचं. जाणाऱ्याला हे माहीत असतं, म्हणून तो जात नाही. आणि न येणाऱ्याला मग माणसं म्हणतात, मोठा झाला, विसरला.

पाहुण्याविषयी आपल्याकडे एक हदीस नेहमी सांगितली जाते. मेहमानी तीन दिवसांची, त्यापुढे जे काही असेल तो सदका. पण तिचा पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. यजमान अडचणीत येईल इतकं पाहुण्यानं राहू नये. म्हणजे यजमानाला जशी जबाबदारी आहे तशी पाहुण्यालाही आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जो प्रवास केला, तो या दुसऱ्या भागाच्या आधारानं केला असं म्हणायला हरकत नाही.

आरव्ही आपल्याकडे सहज मिळत नाही. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण आमच्यासारख्या मास्तर लोकांच्या खिशाला टेम्पो ट्रॅव्हलरच बरी. सतरा सीटची गाडी ठरवली. माणसं आम्ही दहा: अम्मी, मी, माझे पती, आमची दोन मुलं, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि त्यांची तीन मुलं. उरलेल्या जागेत गाद्यांच्या वळकट्या, लहान सिलिंडर आणि शेगडी, दोन पातेली, तांदूळ, डाळ, तेल, कांदे-बटाटे, पाण्याचे जार, चटया आणि जानमाज. कडक भाकरी आणि शेंगाचटणी तर होतीच. सोलापूरचा माणूस या दोन गोष्टींच्या भरवशावर आठ दिवस कुठंही काढू शकतो. अम्मीनं सामान बघितलं आणि म्हणाली, "यात नवीन काय? माझी अम्मी बैलगाडीतून उरुसाला जायची, तेव्हा चूलसुद्धा बरोबर असायची."

रस्ता साधा ठरवला. सोलापूरहून नळदुर्ग, उमरगा, बसवकल्याण, बिदर, कलबुर्गी, विजयपूर आणि परत सोलापूर. पाच दिवस, चार मुक्काम. नकाशावर पाहिलं तर एक वाटोळं कडं होतं. हे कडं म्हणजेच आमचं खानदान. नाना उमरग्याचे. त्यांची एक मुलगी सोलापुरात दिली, ती माझी अम्मी. दुसरी बसवकल्याणला. मुलगा दुकानाच्या निमित्तानं बिदरला गेला, ते थोरले मामू. अब्बांची बहीण कलबुर्गीला. नानांच्या तरुणपणी उमरगा, कल्याण, बिदर, गुलबर्गा हे सगळं एकाच हैदराबाद संस्थानात होतं आणि सोलापूर तेवढं इंग्रजांच्या मुलखात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला, बिदर आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले. बिदर जिल्ह्यातलेच उदगीर, निलंगा, अहमदपूर इकडे आले. नात्यांना कुणी विचारलं नव्हतं. अम्मीची आणि मामूची मुलं एकाच नानांची नातवंडं, पण आम्ही शाळेत मराठी शिकलो आणि ती कन्नड.

पहिला थांबा नळदुर्ग. सोलापूर-हैदराबाद रस्त्यानं जाणारे हजारो लोक तो किल्ला न बघताच पुढं जातात, आम्हीही आजवर तेच करत होतो. बोरी नदीवर बांध घालून त्या बांधाच्याच पोटात पाणीमहाल बांधला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं हे काम. पावसाळ्यात बांधावरून पाणी कोसळतं, त्या धारांना नर-मादी म्हणतात, आणि आतल्या महालात बसलेला माणूस कोरडा राहतो. आम्ही गेलो तेव्हा धारा नव्हत्या. पण मुलं महालात उतरली आणि डोक्यावरून पाणी कसं जात असेल याची कल्पना करत बसली. तिथंच चटया टाकून भाकरी खाल्ली आणि जोहरची नमाज पढली. प्रवासात चार रकातींच्या जागी दोन, म्हणजे कस्र. माझ्या मुलाला ही सवलत फार आवडली. नमाज नानीबरोबर रोज प्रवासातच पढावी असं त्यानं जाहीर केलं.

उमरग्यात गाडी थांबवली नाही. नानांचं घर तिथं आहे, भाड्यानं दिलेलं. गाडी त्या बाजूनं गेली तेव्हा अम्मी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत होती. का ते पुढं सांगते.

बसवकल्याणला पोचलो तेव्हा असरची वेळ होत आली होती. आमचे ड्रायव्हरदादा सोलापूरचे लिंगायत, घरी कन्नड बोलणारे. बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांनी जिथं जातीपातीच्या विरुद्ध शिकवण दिली ते कल्याण हेच. त्यांना तिथं दर्शनाला जायचं होतं, म्हणून मुलंही त्यांच्याबरोबर गेली. बाकी आम्ही खालाकडे.

खाला विधवा आहे. दोन खोल्या, पुढं लहानसं अंगण. ती साड्यांना फॉल लावते, ब्लाउज शिवते. आम्ही गाद्या उतरवायला लागलो तर तिचा चेहरा पडला. "तुम्ही सगळंच आणलं, मग मी काय करू?" अम्मी म्हणाली, "तू बस." पण नुसतं बस म्हणून खाला बसणारी नव्हे. शेवटी वाटणी झाली. भात आमच्या शेगडीवर, खट्टी दाल खालाच्या हातची. गाडी दाराशी लावली. बायका आणि लहान मुलं घरात, पुरुष गाडीच्या शेजारी चटयांवर. रात्री एकच दस्तरखान अंगणात टाकला. ड्रायव्हरदादांचा सोमवार होता. पण खट्टी दालीत त्या दिवशी मांस-मटणाचा काही प्रश्नच नव्हता, त्यामुळे तेही पंगतीत आले.

जेवताना माझी मावसबहीण म्हणाली, "पाहुणे आल्यावर अम्मी पहिल्यांदा आमच्याबरोबर बसून जेवतेय." मी आठवून पाहिलं. खरंच होतं. आमच्या लहानपणी खाला सतत उभी असायची. दाराआड कुणाशी तरी हळू आवाजात बोलायची, मुलाला मागच्या दारानं कुठंतरी पाठवायची. ती गाद्या मागवत होती, उधारी करत होती, हे आम्हाला तेव्हा कळायचं कारण नव्हतं. त्या रात्री दोघी बहिणी एकपर्यंत बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी बिदर. या मुक्कामाची धास्ती सगळ्यांनाच होती.

अम्मी आणि थोरले मामू अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. कारण उमरग्याचं घर. मामूंनी एकदा कागद पाठवला होता, हक्कसोडपत्र. त्यावर दोघी बहिणींच्या सह्या हव्या होत्या. खालानं केली. अम्मी म्हणाली, मी विचार करते. एवढं म्हणणंही पुरलं. बहीण भावाकडे हिस्सा मागते म्हणजे काय, या शब्दांत निरोप आला आणि दार बंद झालं.

हा आमच्याच घरातला प्रकार असता तर मी लिहिला नसता. कुरआनच्या सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा स्पष्ट ठरवून दिलेला आहे, मुलाच्या निम्मा. निम्माच का यावर वाद होतात, व्हायलाही हवेत. पण तो निम्मासुद्धा किती बहिणींच्या हातात पडतो? "माझ्या मुलीनं सगळं माफ केलं," असं बाप अभिमानानं सांगतो. माफ केलं नाही तर माहेर जातं, म्हणून ती माफ करते. आमच्या ड्रायव्हरदादांना वाटेत हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, आमच्यात तरी वेगळं काय? माझ्या बहिणीनंही सही केली." २००५ च्या कायद्यानं हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. तरी सहीचा कागद घरोघरी तसाच फिरतो. धर्मानं दिलेलं असो की कायद्यानं, घेणारीला माहेरचं दार दिसत राहतं.

अम्मी इतकी वर्षं बिदरला का गेली नाही, हे तिनं गाडीत सांगितलं. "त्याच्या घरी जायचं म्हणजे त्याच्या गादीवर झोपायचं, त्याचं अन्न खायचं. मग लोक म्हणणार, हिस्सा मागायला आली. किंवा म्हणणार, हिस्सा सोडायला आली. आज माझा बिछाना माझ्याबरोबर आहे. दार उघडलं तर चहा पिऊ. नाही उघडलं तर किल्ल्याखाली खिचडी टाकू."

गाडी गल्लीच्या तोंडाशी, मोकळ्या जागेत लावली. अम्मी, मी आणि माझा भाऊ, तिघंच गेलो. दार मामूंनी स्वतः उघडलं. ऐंशीच्या घरात आलेले, खूप वाळलेले, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. बराच वेळ त्यांना ओळख पटली नसावी, किंवा पटली म्हणूनच ते गप्प राहिले असतील. मग म्हणाले, "आने कू इत्ते साल लगे क्या?"

अम्मी म्हणाली, "बुलाने कू भी इत्तेच लगे."

यापुढं रडारड झाली, मिठ्या मारल्या, असं काही झालं नाही. चहा झाला. मामूंच्या सुनेनं गाडीतल्या सगळ्यांना बोलावलं. जेवणाचा आग्रह झाला, अम्मीनं आमचे तांदूळ आणि डाळ आत पाठवली. मामूंना ते आवडलं नाही, पण ते काही बोललेही नाहीत. रात्री आम्ही गच्चीवर आमच्या गाद्या टाकल्या. मामू काठी टेकत वर आले. घराचा विषय त्यांनीच काढला. मुलांचं वय झालं, कागद अडकलाय, तू सही केली असतीस तर इतकं झालंच नसतं.

अम्मीचं उत्तर मी जसंच्या तसं लक्षात ठेवलं आहे. ती म्हणाली, "भाई, हिस्सा अल्लाहनं लावून दिलाय. तो मी मागत नाही आणि सोडतही नाही. तुमच्या मनाला येईल तेव्हा द्या. पण त्याच्यासाठी भावाचं तोंड बघायचं नाही, असं कुठं लिहिलंय?"

मामू म्हणाले, "तू अब्बांवर गेलीस. जिद्दी." आणि खाली निघून गेले.

सकाळी तेच आमच्याआधी तयार होते. बिदर दाखवायला परका गाइड कशाला, म्हणाले. आधी त्यांनी महमूद गवानचा मदरसा दाखवला. हा गवान इराणच्या गिलान प्रांतातून आलेला, बहमनी राज्याचा वजीर. १४७२ मध्ये त्यानं हे तीन मजली विद्यालय पूर्ण केलं. वर्ग, ग्रंथालय, राहायच्या खोल्या, सगळं एका छताखाली. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटात पुढचा भाग उडाला. आज एकच मिनार उभा आहे आणि भिंतीवर निळ्या-पिवळ्या-पांढऱ्या फरशांचे तुकडे आहेत. मी शिक्षिका, मला तिथून हलवेना. ज्यानं हे उभारलं त्याचा शेवट १४८१ मध्ये एका बनावट पत्रानं केला. शत्रूंनी त्याच्या शिक्क्याचं खोटं पत्र सुलतानाला दाखवलं आणि सुलतानानं चौकशी न करता त्याला मारायचा हुकूम दिला. मामू हे मुलांना रंगवून सांगत होते. मुलांनी विचारलं, सुलतानानं त्यालाच बोलावून नीट का नाही विचारलं? मामू म्हणाले, "गुस्से में आदमी पूछता नै, बेटे." अम्मी फरशांकडे बघत होती.

मग किल्ला. मग बिदरी कामाचं एक दुकान. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची तार ठोकतात आणि शेवटी किल्ल्यातली विशिष्ट माती वापरून भांडं काळं करतात. काळ्यावर चांदी उठून दिसते. आमच्या मुलांची आणि मामूंच्या पणतवंडांची तोवर गट्टी जमली होती. एकमेकांची नावं त्यांनी मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून बघितली, कुणालाच कुणाचं वाचता येईना. पण तोंडानं सगळे एकच बोलत होते, आपली दखनी. त्यातलं "नक्को" मराठीच्या "नको"वरून आलं, हे मी सांगितलं तर मामूंचा पणतू म्हणाला, "मग आम्हाला थोडी मराठी येते!"

कलबुर्गीला उलटी गंमत झाली. फुफीचा मुलगा तिथं चांगला स्थिरावलेला, मोठा बंगला. भाभीनं तीन खोल्या तयार ठेवल्या होत्या. आमच्या वळकट्या बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "हमारे घर में जगा नै क्या?" अम्मीनं लगेच भावाला खूण केली, वळकट्या गाडीतून उतरल्याच नाहीत. रात्री भाभीच्या हातची तहारी पोटभर खाल्ली आणि तिनं घातलेल्या पलंगांवर झोपलो. अम्मी मला म्हणाली, "बिछाना आणला तो कुणाला अडचण नको म्हणून. कुणाचं मन मोडायला नाही." खालाकडे गाद्या उतरवणं जितकं बरोबर होतं, तितकंच इथं न उतरवणं बरोबर होतं.

सकाळी ख्वाजा बंदानवाज यांच्या दर्ग्यावर गेलो. म्हातारपणी दिल्लीहून दख्खनला आलेले हे सुफी. १४२२ मध्ये त्यांचं निधन झालं, आणि आजही तिथं सगळ्या धर्मांची माणसं येतात. किल्ल्यातली १३६७ ची जामा मशीद मुलांनी प्रथमच पाहिली. तिला उघडं अंगण नाही, सगळी मशीद छताखाली आहे. कमानींच्या रांगांत मुलांचा लपंडाव सुरू झाला तेव्हा त्यांना बाहेर काढावं लागलं. पुढचा रस्ता तुरीच्या शेतांमधून. विजयपुरात आमचं कुणी नाही, तिथं लॉजमध्ये उतरलो. गोल घुमटाच्या सज्जात मुलं दोन बाजूंना उभी राहिली. मधे साधारण ३८ मीटरचं अंतर, आणि भिंतीशी कुजबुजलेलं पलीकडं स्पष्ट ऐकू येत होतं. अम्मी जिने चढली नाही. खाली मोहम्मद आदिलशहाच्या कबरीजवळ फातिहा पढून बसली होती.

परत येऊन आता काही महिने झाले. उमरग्याच्या घराचं अजून काही ठरलेलं नाही. हिस्सा मिळाला नाही आणि सहीही झालेली नाही. ज्यांना गोष्टीचा शेवट गोड लागतो त्यांनी मला माफ करावं. पण निघताना मामूंनी आपला मोबाइल नातवाकडे दिला आणि अम्मीचा नंबर त्यात घालायला सांगितलं. नातवानं तो कन्नडमध्ये घातला. काय लिहिलं ते अम्मीला वाचता येईना. ड्रायव्हरदादांनी वाचून दाखवलं: सोलापूर दादी. तेव्हापासून दर जुम्म्याला दुपारी फोन येतो. घराविषयी दोघं बोलत नाहीत. गुडघे, डोळे, तुरीचा भाव, नातवंडांचे मार्क, हे बोलतात.

सिला-रहमीविषयी आपल्याला शिकवलं जातं की जो आपल्याशी नातं ठेवतो त्याच्याशी ते ठेवणं ही तर नुसती परतफेड झाली. तोडणाऱ्याशी जो जोडतो, त्यानं खरं नातं जपलं. पण हे ऐकून किती बायकांनी आपला हक्क गिळला, याचाही हिशेब कुणीतरी मांडायला हवा. जोडणं म्हणजे सोडून देणं नव्हे. माझ्या अम्मीनं ७४ व्या वर्षी या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. त्यासाठी तिला ना वकील लागला ना मौलाना. एक टेम्पो ट्रॅव्हलर लागली आणि स्वतःची गादी.

तुमच्याही कुणाकडे जाणं बरीच वर्षं राहिलं असेल तर या सुट्टीत निघा. तांदूळ-डाळ बरोबर घ्या, चादरी घ्या. वाटेत एखादा किल्ला असेल तर मुलांसाठी तोही पाहा. दार उघडलं तर आत जा. गाद्या उतरवायच्या की नाहीत, ते यजमानिणीच्या चेहऱ्याकडे बघून ठरवा.